नाव तेवढं बदललंय

सेंट पॉल
३ मार्च

प्रिय फर्न,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तू "बरंय, वाईट नाही" एवढं बोलतेस आणि एल्डनच्या हातात देतेस. मग मला तुझ्या नवऱ्याच्या बोटीच्या इंजिनाची तब्येत ऐकत बसावं लागतं. म्हणून लिहिते आहे. तू बरी असशील. गुडघा कसा आहे? वृद्धाश्रमात अजून दुहेरी पाळ्या करतेस का? करू नकोस म्हटलं तर ऐकणार नाहीस, तरी म्हणते.

तुमच्याकडं तळं अजून गोठलेलंच असेल. इथं नदीच्या कडा सुटायला लागल्या आहेत. माझ्या खिडकीखाली चिखल आणि बर्फ यांचा काला झालाय, आणि शेजारचा म्हातारा रोज त्यात रुततो आणि रोज मला त्याबद्दल जबाबदार धरतो.

पुस्तकाचं कानावर आलंच असेल. तिसरी कादंबरी, आणि तीही इतक्या वर्षांनी. पहिलीला आपल्या राज्याचं बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही सगळे आला होतात, आणि आई बाबांच्या कोटावरची कस्पटं काढत बसली होती. दुसरी कुणी वाचली नाही. तूही नाही, मला ठाऊक आहे. त्यानंतर मी नुसती संपादक, म्हणजे सुईण झाले. लोकांच्या कादंबऱ्यांची बाळंतपणं करायची, बाळ रडलं की नाळ कापायची आणि घरी यायचं. माझ्या हातून गेलेल्या लेखकांना मोठमोठी बक्षिसं मिळाली. समारंभात ते माझ्याकडं बोट करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. घरी येऊन स्वतःचं लिहायला बसलं की सगळी हुशारी आटते. त्यामुळं हे पुस्तक झालं तेव्हा मी खुळ्यासारखी स्वयंपाकघरात नाचले.

तर एक विनंती आहे. प्रकाशनाआधीच्या कच्च्या प्रती समीक्षकांना आणि ग्रंथपालांना गेल्या आहेत. तुमची ऑड्री गावच्या ग्रंथालयात बसून असल्या प्रती मागवते आणि मग अर्ध्या गावाला वाचायला देते. तिनं तुला दिली तर घेऊ नकोस. त्यात चुका राहिल्या आहेत.

एक चूक सांगते, हसशील. लिहिताना मी खरी नावं वापरते. बनावट नावाची माणसं माझ्याशी बोलतच नाहीत, मेली गप्प बसतात. म्हणून दोन वर्षं कागदावर 'फर्न' होतं. शेवटी संगणकाला सांगितलं, जिथं जिथं फर्न आहे तिथं तिथं रूथ घाल. त्यानं घातलं. पण आईचं ते झाड, व्हरांड्यात टांगलेल्या टोपलीतलं बॉस्टन फर्न, तेही पुस्तकात होतं. संगणकाला बाई कोण आणि झाड कोण कळत नाही. त्यामुळं आता व्हरांड्यात टोपलीत बॉस्टन रूथ टांगली आहे. आई रूथला पाणी घालायला विसरते. रूथच्या कडा करपतात. नोव्हेंबरात रूथला तळघरात नेऊन ठेवतात.

मी वाचलं, माझी तरुण संपादिका डेव्हिनानं वाचलं, मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं वाचलं. कुणाला काही वाटलं नाही. शिकागोच्या एका समीक्षकानं तर लिहून पाठवलं की टोपलीतल्या रूथची प्रतिमा ही स्त्रीच्या एकाकीपणाची विलक्षण खूण आहे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या स्वल्पविरामांवरून भांडले, आणि माझ्या स्वतःच्या घरी ही गत.

हसून झालं की मग मात्र मी तेच वाक्य पुन्हा वाचते. गावातल्या कुणीही ते वाक्य वाचलं तर त्याला कळणार, टोपलीत काय असायला हवं होतं. आणि मग रूथ कोण तेही कळणार. रूथ म्हणजे तू नाहीस हो. नाव तेवढं बदललंय असं नाही, सगळंच बदललंय. रूथचा नवरा दातांचा डॉक्टर आहे. ती डावखुरी आहे.

या महिन्याच्या मध्यापर्यंत दुरुस्त्या देता येतात. मी झाडाचं जिरेनियम करून टाकते. तू वाचू नकोस. आणि वाचलंसच, तर तळ्यावरचं प्रकरण सोडून दे. ते उगाच लांबलंय.

एल्डनला नमस्कार.

तुझी
मारेन

---

सेंट पॉल
१६ मार्च

प्रिय फर्न,

तुझं उत्तर नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा एल्डननं उचलला. "ती कामावर आहे," एवढंच म्हणाला. इंजिनाचा शब्द काढला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

तू वाचलं आहेस का? वाचलं असशील तर पुढचं तुला ठाऊकच आहे. नसशील तर माझ्याकडूनच कळू दे.

तळ्यावरच्या प्रकरणात तुझी ती दुपार आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली. आई गेल्यापासून बाबांना भान उरलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवून झोपले होते, तू दार ओढून घेतलंस, गाडी काढलीस आणि गोठलेल्या तळ्यावरून थेट, बर्फावरच उभारलेल्या एल्डनच्या मासेमारीच्या खोपटीत जाऊन बसलीस. शेगडी लावलीस. बरणीतली खारवलेली हेरिंग मासळी काट्यानं खात बसलीस. फोन वाजला, तू ऐकलास आणि उचलला नाहीस. तेवढ्यात बाबा नुसत्या मोज्यांवर बाहेर पडले होते. शेजारच्या ओव्हे स्ट्रँडला ते टपालपेटीपाशी सापडले. गारठून डाव्या पायाची बोटं गेली, ते पुन्हा अंथरुणातून उठले नाहीत, आणि ईस्टरच्या आधी गेले. तू सगळ्यांना सांगितलंस की मी औषधं आणायला गेले होते आणि गाडी सुरू झाली नाही.

खरं फक्त मला सांगितलंस. त्यांना पुरून आलो त्या संध्याकाळी, चर्चच्या आवारात, गाडीत बसून. काचेवर आपल्या श्वासाची वाफ जमली होती. मी तुझा हात धरला होता. फर्न, लाज वाटते पण सांगते, तुझा हात हातात होता आणि माझ्या डोक्यात वाक्य जुळत होतं. मी ते थांबवलं नाही.

आता मला झोप नाही. तू वृद्धाश्रमातली मुख्य सेविका. कुणाची आई तुझ्या हातात, कुणाचा बाप. उद्या ही माणसं वाचतील, टोपलीतल्या रूथवरून दोन अधिक दोन करतील, आणि तुमच्या संचालिका केसल बाईंना येऊन विचारतील की आमच्या माणसाला हिच्या हाती ठेवायचं का. तुझं काम जाईल. गावात तू मान खाली घालून फिरशील, आणि माझ्या पुस्तकाला इथं टाळ्या मिळतील. हेच चित्र दिवसभर डोळ्यांसमोर.

मी डेव्हिनाला म्हटलं, ते प्रकरण काढून टाकते. ती म्हणाली, "मारेन, ते काढलं तर पुस्तकात उरतं काय? बर्फ आणि सूप." मला रागावता येईना. मीच माझ्या लेखकांना आजवर सांगत आले आहे की घरच्यांची भीड धरायची असेल तर स्वयंपाकाची पुस्तकं लिहा. एकदा एका बिचाऱ्यानं आपल्या आईचं नाव काढू द्या म्हणून माझ्यासमोर डोळे पुसले होते, आणि मी त्याला पाणी दिलं आणि नाव ठेवायला लावलं. आता माझ्यापुढं पाणी ठेवायला कुणी नाही.

पण मार्ग सापडला. सापडला म्हणून तर हे पत्र. पुस्तकात दोन बहिणी आहेत, थोरली रूथ आणि धाकटी ग्रेटा. ग्रेटा शहरात राहते, लोकांच्या पुस्तकांवर पोट भरते. म्हणजे कोण, ते गावात कुणालाही विचार. मी दोघींची अदलाबदल केली. आता शहर सोडून बापाजवळ येऊन राहते ती ग्रेटा. खोपटीत जाऊन बसते ती ग्रेटा. फोन ऐकूनही उचलत नाही ती ग्रेटा. रूथ दूर शिकागोला, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. चार दिवस जागची हलले नाही, पण सगळं बदलून शुक्रवारी पाठवून दिलं. डेव्हिना म्हणाली, "हे तर आधीपेक्षा चांगलं झालं."

म्हणजे तू सुटलीस. आता गाव थुंकलं तर माझ्या तोंडावर थुंकेल. मी वर्षातून एकदा येते, पुसून टाकीन. एकदा तरी तुझ्या बाजूनं काही केलं असं वाटतंय, फर्न. आता तरी फोन उचल.

तुझी
मारेन

---

सेंट पॉल
६ जून

प्रिय फर्न,

मार्चमध्ये तू फोन केलास आणि बोलून ठेवलास, आता उन्हाळा आला. तुमचं तळं मोकळं झालं असेल, बोटी उतरल्या असतील. मी पत्रं लिहिली आणि फाडली. हे फाडणार नाही, कारण याला वेळ उरलेला नाही. का ते पुढं सांगते.

तुझं बोलणं कानातून जात नाही. ते इथं उतरवते आहे, माझ्या बाजूनं गोड न करता. कुठं चुकलं असेल तर तू बरोबर कर.

तू म्हणालीस, "मारेन, मी बोलतेय. दोन्ही पत्रं मिळाली. पुस्तक त्यांच्या आधीच वाचलं होतं."

मी म्हटलं, "मग कळवलं का नाहीस? मी इथं मरायला टेकले होते."

"तुला कळवण्याआधी इतरांना सांगायचं होतं. केसल बाईंना सांगितलं. मग रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात, सगळे कॉफीला जमतात तिथं, भांड्याजवळ उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. पुस्तकातून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं."

मी विचारलं, "आणि?"

"आणि काय. ओव्हे म्हणाला, 'गाडी दिसत होती, फर्न.'"

"कसली गाडी?"

"माझी गं! तळं गोठलेलं, ताटासारखं सपाट, त्यावर एक निळी गाडी. अख्ख्या गावाच्या खिडक्या तिकडंच उघडतात. मी काय लपले होते? सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

"आणि नऊ वर्षं कुणी बोललं नाही?"

"बाबांना दवाखान्यातून आणलं त्या आठवड्यात बायकांनी घरी इतकं जेवण आणून टाकलं की फ्रीजचं दार लागेना. तुला फोनवर सांगितलं होतं ना, नूडल्सचे आठ-दहा थाळे? तेच त्यांचं बोलणं होतं. मला कळलं नाही, एवढंच."

"आणि केसल बाई?"

"म्हणाल्या, 'उद्या सकाळची पाळी तुझीच ना?'"

मी हसले, फर्न. तुला ऐकू गेलं असेल. छातीवरचा धोंडा उतरला आणि मी मूर्खासारखी हसले आणि म्हटलं, "चला, म्हणजे सगळं ठीक झालं. आणि तसंही मी ते बदललंच आहे."

तुझ्या मागं कुठंतरी भांडी वाजत होती. मग म्हणालीस, "तेच विचारायला फोन केलाय. खोपटीत आता कोण बसलंय?"

"ग्रेटा. म्हणजे मी."

"आणि बाबांना आंघोळ कोण घालतं?"

"ग्रेटाच."

"ते आईला हाका मारत घरभर फिरतात, तेव्हा आईचा झगा घालून त्यांच्याजवळ कोण बसतं?"

ते तू मला कधी सांगितलं होतंस, आणि मी ते कधी उचललं, तेही मला आठवेना.

"आणि रूथ कुठं असते?"

"शिकागोला."

"अस्सं. म्हणजे मी शिकागोला होते."

"फर्न, मी तुला वाचवायला..."

"माझी चूक घेतलीस ते घेतलीस, वर बाबांपाशी काढलेली माझी तीन वर्षंही उचलून नेलीस. ती चूक करायला सुद्धा मला तिथं राहावं लागलं होतं, मारेन. तू कधी आलीस? थँक्सगिव्हिंगच्या सणाला. आणि तेव्हाही कुणाची तरी पानं तपासायला घेऊन आलीस. बाबा तुला विचारत होते की बाई, तुम्ही कुणाकडं उतरलाय? आणि तू म्हणालीस, 'मी कामात आहे.'"

मी म्हटलं, "मी आजच परत बदलते."

"बदल नाहीतर ठेव. पहिलं वाचलं तेव्हा मी रागावले नव्हते बघ. कुणीतरी ते लिहून ठेवलं, तेवढंच मनात आलं. ठेवते. जेवणं वाढायचीत."

बस्स. एवढंच बोललीस.

मी तिथूनच डेव्हिनाला फोन केला. ती म्हणाली, कागद छपाईच्या यंत्रावर चढलाय, आता काही होत नाही. मी तिला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाली. माझ्या पुस्तकांना पुढची आवृत्ती कधी असते का? घाई मीच केली होती. तुला न विचारता, तुझ्यासाठी म्हणून. आणि आता कळतं की तुझ्यासाठी नव्हतीच ती. मला त्या गोष्टीत आत शिरायचं होतं. बाप मरत असताना मी बाहेर होते, आणि तिथं शिरायला मला दुसरं कुठलं दार सापडलं नाही.

पुस्तक आलं. टेबलावर पडलंय. लोकांना आवडतंय, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मला त्याची भीती वाटते म्हणून सांगते.

आता वेळेचं. परवा रेडिओवाल्यांनी मुलाखत घेतली. मुलाखत घेणारा भला माणूस होता, त्यानं पुस्तक खरोखर वाचलं होतं. खोपटीतल्या दुपारवर आला आणि त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "माझी आईही अशीच गेली. तुम्ही स्वतः वडिलांचं केलंत, हे ओळीओळीत कळतं."

"नाही. माझ्या बहिणीनं केलं." एवढी दोन वाक्यं. लहान मुलालाही बोलता येतील अशी. माझ्या जिभेवर होती. तो माझ्याकडं बघत होता, त्याचे डोळे भरले होते, आणि मला ते डोळे हवेसे वाटले, फर्न. मी म्हटलं, "कठीण काळ होता."

बघ, यातलं एक अक्षर खोटं नाही. कठीण काळ होताच. जन्मभर मी हेच काम केलं आहे. वाक्य असं कापायचं की खोटं बोलावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला हवं ते ऐकू येतं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

बाहेर येऊन जिन्यातच बसले. परत वर जाऊन ते वाक्य काढा म्हणावं असं वाटलं, आणि मग वाटलं की हे काढलं तरी मी ते म्हटलेलं आहेच. काढणं-घालणं आता खूप झालं.

ही मुलाखत येत्या रविवारी सकाळी लागणार आहे. चर्च सुटून तुम्ही खाली याल तेव्हा. तळघरातल्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो, ऑड्री सगळ्यांना गप्प करून आवाज वाढवेल. ओव्हे ऐकेल, केसल बाई ऐकतील, तू कप भरत असशील. सगळ्या गावाला ठाऊक आहे गाडी कुणाची होती, आणि सगळं गाव माझ्या तोंडून ऐकेल की तो काळ माझ्यासाठी किती कठीण होता. आणि कुणी काही बोलणार नाही. तुला जेवण आणून देतील, एवढंच.

म्हणून मी येते आहे. तू बोलावलं नाहीस, बोलवू नकोस. घरी उतरणार नाही, रस्त्यावरच्या मोटेलात खोली घेतली आहे. प्रार्थनेला बसणार नाही, थेट खाली येईन. रेडिओ बंद करायला सांगणार नाही. माझं ते वाक्य सगळ्यांना ऐकू दे, माझ्यासमोर. मग मी उभी राहीन आणि त्यांना ठाऊक असलेलंच सगळं त्यांना सांगेन. बाबांना आंघोळ कोणी घातली. आईचा झगा कोणी घातला. आणि मी तेव्हा कुठं होते. लिहिलेलं वाचून दाखवायची मला सवय आहे, पण या वेळी हातात कागद नेणार नाही.

तू माझ्याकडं बघू नकोस. कॉफी ओतत राहा. मला कप दिला नाहीस तरी चालेल.

त्या हिवाळ्यात घरी न आलेली,
मारेन